शहराची साक्ष आणि साक्षीदार

गुन्हेगारीवरील वास्तववादी नाट्याची थोरवी सांगताना समीक्षक बहुधा ‘हे सारे घडलेले आहे’ एवढ्यावर थांबतात. परंतु घडलेले कोण सांगतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘द वायर’ (२००२-२००८) या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेमागे बाल्टिमोर शहर उभे आहे. तिचे कर्ते डेव्हिड सायमन तेथील वृत्तपत्राचे माजी बातमीदार; त्यांचे सहकारी एड बर्न्स माजी पोलीस व शिक्षक. साक्ष गुन्हेगाराची नव्हे, आणि रोख व्यक्तींपेक्षा संस्थांवर.

बंगळूरचे उदाहरण वेगळे आहे. के. एम. चैतन्य यांचा ‘आ दिनगळु’ (२००७) हा कन्नड चित्रपट १९८०च्या दशकातील जयराज व कोतवाल रामचंद्र यांच्या वैरावर आधारलेला आहे. त्याचे मूळ अग्नी श्रीधर यांच्या ‘दादागिरिय दिनगळु’ या आत्मकथनात असून, पटकथालेखनात त्यांच्यासमवेत गिरीश कार्नाड होते. येथे साक्षीदार त्या जगातलाच आहे. मराठीतील ‘दादा’ या शब्दात वडील भावाचा जिव्हाळा आणि गुंडाची दहशत एकत्र नांदतात. अशा आत्मकथनातही हेच द्वैत असते. जवळिकीमुळे तपशील अस्सल होतो. पण तीच जवळीक निवेदकाला स्वतःच्या समर्थनाची सोय करून देते.

म्हणून अशा कृतींना इतिहास मानण्याची घाई अभ्यासकांनी करू नये. हप्ता देणारा दुकानदार आणि खून पाहून गप्प राहिलेला शेजारी यांची साक्ष कोठे आहे, हे विचारल्याखेरीज शहराचे वास्तव हाती आले असे म्हणता येणार नाही.