हाताला काय येते?

शाळांतून वर्षाकाठी एकदा स्काउटच्या पोरांना हातांनी काही करायला शिकविण्याचा दिवस भरतो आणि दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा दप्तराकडे वळतात. आपण कॉलेजातली मंडळी त्या दिवसाला सहल समजतो. विद्यार्थी मित्रहो, माझे मत नेमके उलट आहे. वर्षभरातले खरे शिक्षण त्याच दिवशी होते. तरीही त्यात एक खोट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझे गाव केळझर. भीमाने बकासुराला मारले ती एकचक्रानगरी हीच, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे सहावी-सातवीच्या स्काउटांचा असा दिवस मी पाहिला. दोर हातात येताच मागच्या बाकावरची पोरे पुढे सरकली. सारख्या जाडीचे दोन दोर जोडायला रीफ नॉट. एक जाड, एक बारीक असेल तर शीट बेंड. बल्लीला बांधायला क्लोव्ह हिच. विहिरीतून माणूस वर काढायचा तर बोलाइन, कारण तिचा फास आवळत नाही. गाठ चुकली की दोर सुटतो; गुरुजींना तांबडी रेघ ओढावी लागत नाही. आपल्या परीक्षेत न समजलेल्या विषयावरही चार पुरवण्या भरता येतात. दोरापुढे ती सोय नाही.

कुंपणापाशी माझे वडील उभे होते. ते शेतमजूर, घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ते म्हणाले, "दोर बांधाचं शिकवाले शाळा कायले पायजे? थे तं मी घरीच शिकवतो." दाव्याचा फास आवळला तर बैल गुदमरतो, म्हणून न आवळणारी गाठ त्यांच्या हातात केव्हाचीच आहे. ती बोलाइनच की तिची बहीण, हे पंडितांनी ठरवावे. दोन काड्यांत चूल पेटविण्याची अटही त्या दिवशी होती. माझी धाकटी बहीण रोज पहाटे ओल्या पऱ्हाटीवर एका काडीत चूल पेटवते. तिला बिल्ला कोण देणार?

वडिलांचे पुढचे वाक्य जास्त बोचरे होते : "पोट्ट्यानं दोर सोडून लेखणी धरावं म्हणून तं शाळेत घातलं." या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय श्रमशिक्षणाचे गोडवे गाणे हा ढोंगीपणा आहे.

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने आखलेल्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे होती. नयी तालीम सरकारी शाळांत रुजली नाही. सेवाग्रामचे आनंद निकेतन २००५ पासून ती पुन्हा चालवीत आहे, हे खरे. पण रुजली का नाही? कारणे अनेक सांगतात. मला एक सर्वांत खरे वाटते. साहेबाचा मुलगा इंग्रजी शिकणार आणि आमचा मुलगा टकळी फिरवणार, ही वाटणी गरिबाला ताबडतोब दिसते. ज्यांच्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या एकच काम चिकटवले, त्यांना 'श्रमाची प्रतिष्ठा' हे शब्द गोड कसे लागावेत?

म्हणून मला स्काउटची मूळ गोष्ट महत्त्वाची वाटते. १९०७ साली ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले शिबिर घेतले, त्यात श्रीमंती शाळांतली आणि कामकरी घरांतली अशी वीसेक मुले एकाच तुकड्यांत मिसळलेली होती. सगळ्यांना दोर तोच आणि चूलही तीच! आपल्याकडे मात्र १९०९ साली स्काउट आला तो गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरता. आपल्या मुलांसाठी ॲनी बेझंट यांना १९१६ साली वेगळी संघटना काढावी लागली. 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' झाले ते ७ नोव्हेंबर १९५० रोजी.

तेव्हा माझे म्हणणे असे. हे शिक्षण फक्त खेड्यातल्या पोरांना द्यायचे असेल तर नको. नागपूरच्या फीवाल्या शाळेतल्या मुलाच्या हातालाही दोराचे घट्टे पडू द्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, आणि त्यांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकावे असेही म्हटले आहे. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे. पण सुताराला त्या दिवशी खुर्ची मिळणार की तो दाराशी उभा राहणार? मानधनाच्या यादीत त्याचे नाव असणार काय? दोन गाठी पुस्तकातून शिकून आलेला शहरी मार्गदर्शक हार घेतो आणि जन्मभर दोर हाताळलेला माणूस कुंपणाबाहेरून पाहतो, ही ती खोट.

स्काउटमध्ये कॉलेजच्या वयासाठी रोव्हर आणि रेंजर हे विभाग आहेत. आपल्या कॉलेजने यंदा पुढाकार घ्यावा आणि पहिला दिवस केळझरला ठेवावा. दोराचा तास माझे वडील घेतील, चुलीचा तास बहीण घेईल. मी विचारून ठेवले आहे. वडिलांची अट एकच : त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये.