टेकोडे खा, पण ओळखून



आर्द्राचा पाऊस लागला, की बांधावरच्या वारुळाशेजारी टेकोडे निघतात. भाजीला मटणाची चव! पण अळिंबीची विषबाधा होण्याचे दिवसही हेच.

टेकोडा हे उदईचे पीक आहे. उदई काडीकचरा खाऊन त्याचा लगदा वारुळात रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. माणसाच्या कितीतरी आधीपासूनची ही शेती. म्हणून टेकोडा ओढून तोडू नका. भोवतालची माती हळूच काढून पाहा. मोठ्या टेकोड्याचा देठ मुळासारखा खोल वारुळापर्यंत जातो आणि टोपीच्या मध्यावर टोक असते. देठावर कडे किंवा बुडाशी पिशवी दिसली, की टाकून द्या. उकिरड्याजवळ, गवतात उगवणारी मोठी पांढरी छत्री तर घरात आणूच नका. तिच्या खालची पाती पुढे हिरवट होतात आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात.

पात्यांऐवजी स्पंजासारखी भोके असली म्हणजे अळिंबी बिनविषारी, असेही कोणी सांगतात. हे अर्धेच खरे. अशी बोलेट जातीची अळिंबी हिमालयात ओकच्या झाडाखाली होते. तिकडे त्याला बांज म्हणतात. तिचे तंतू ओकच्या मुळांना वेढून झाडाला पाणी व स्फुरद देतात, बदल्यात साखर घेतात. काही बोलेट खायला उत्तम, पण काही विषारीही आहेत. शिवाय आपल्या पूर्णाकाठच्या काळ्या रानात ओक कुठला? तिकडची ओळख इकडे चालवू नका.

चांदीचा रुपया काळा पडतो का पाहणे, भाजीत लसूण टाकणे, किड्याने खाल्लेली ती चांगली मानणे, या सगळ्या परीक्षा खोट्या. जी खाऊन गोगलगाय जगते, तीच माणसाचा जीव घेऊ शकते. सर्वांत जहाल विष उकळूनही जात नाही. आसामात एप्रिल 2022 मध्ये रानची अळिंबी खाऊन 13 माणसे दगावली.

हे विष फसवे असते. सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरे वाटते, आणि तेवढ्यात आतून यकृत निकामी होत जाते. म्हणून बरे वाटले तरी घरी थांबू नका. 108 ला फोन करा किंवा थेट शेगावचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. उरलेली कच्ची अळिंबी कागदात गुंडाळून सोबत न्या, किती वाजता खाल्ली ते डॉक्टरांना सांगा. त्याच ताटातले जे जेवले, त्यांनाही न्या, लेकरांना आधी.

टेकोडा पेरून उगवत नाही, उदई लागते. गव्हाच्या कुटारावर येते ती धिंगरी अळिंबी. तिची रीत पुढच्या अंकात सांगतो. तोवर कुटार कोरडे ठेवा.