प्रश्न लिहितानाच मुलींना बोलवा

ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये झाली. बीड जिल्ह्यात ८२ हजार ३०९ महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा शस्त्रक्रिया होऊन गेल्यानंतरचा आहे. फडावर पाळीचे कापड कुठे बदलायचे, कोपीजवळ पाणी किती, खाडा पडला तर काय होते, हे त्याच घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना आधीपासून ठाऊक असते. त्यांना विचारण्याची आपली रीतच नाही.

नर्सिंगच्या विद्यार्थिनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून संशोधन करतात. विषय बहुधा ठरलेला: किशोरवयीन मुलींचे मासिक पाळीविषयीचे ज्ञान. प्रश्नावली मोठ्यांनी लिहायची, मुलींनी वर्गात बसून खुणा करायच्या, आणि निष्कर्ष काय, तर ज्ञान अपुरे! शाळेच्या संडासात पाणी नाही, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की प्रश्न लिहायला बसतानाच चार मुली शेजारी असाव्यात. ‘मासिक स्राव’ हा शब्द त्या लगेच खोडतील. घरात ‘कावळा शिवला’ म्हणतात. अहवालही छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावा.

मुलींना संशोधनातले काय कळते, असे कोणी म्हणेल. आपल्या सीमेवरच्या जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम उभे केले. तेथे अक्षरओळख नसलेल्या बायकांनी गावाचे आरोग्य सांभाळून दाखवले. मग दहावीच्या मुलीला चांगला प्रश्न का सुचू नये?

खरी अडचण वेगळीच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलीचा होकार हवा आणि पालकांची संमतीही हवी. दिवाळीच्या सुमारास आई-बाप कारखान्यावर जातात, मुलगी आजीजवळ राहते. सही कोणाची घ्यायची? म्हणून ही कामे पावसाळ्यात, माणसे गावी असताना सुरू करावीत. महाविद्यालयाचे वेळापत्रक थोडे हलवावे लागेल, हलवावे.

आणखी एक. मुलीला तिच्याच गावात मुलाखती घ्यायला पाठवू नये. शेजारची काकू तिच्यासमोर खरे बोलणार नाही, आणि बोललीच तर ते गुपित त्या पोरीने कुठे ठेवायचे?