गोट

इंदूरच्या मराठी घरात ‘सहल’ हा शब्द मुलांच्या वहीत असतो. बोलण्यात असते ती ‘गोट’. पुण्याकडचा पाहुणा हा शब्द ऐकून दचकतो, कारण त्याच्या मराठीत गोट म्हणजे सैन्याचा तळ, आणि माणूस शिरतो तो शत्रूच्या गोटात. माळव्यात मात्र गोट म्हणजे घरदार, शेजारपाजार, पीठ, तूप आणि गोवऱ्या बरोबर घेऊन रानात जाणे, तेथे चूल मांडून जेवणे आणि अंधार पडण्यापूर्वी, क्वचित दुसऱ्या दिवशी, परत येणे. दोन्ही शब्दांचे कूळ एकच आहे असा आमचा दावा नाही. पण ज्या होळकरांच्या मागोमाग आपले पूर्वज इकडे आले त्यांचे पहिले दिवस घोड्यांच्या पाठीवर आणि राहुट्यांतच गेले. शेजारचे महू १८१८ साली छावणी म्हणूनच वसले. आणि इंदुरात एका वस्तीचे नाव अजून छावणीच आहे. तेव्हा तंबू, तळ आणि उघड्यावरची चूल या गोष्टी आपल्याला अगदीच परक्या नसाव्यात.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, यंदाच्या श्रावणात आमच्या ओळखीच्या तीन घरांत गोट ठरली आणि तिन्ही घरांत मोडली. पैसा नव्हता असे नाही, हौस नव्हती असेही नाही. एका मोटारीत पाच माणसे मावतात आणि घरात नऊ आहेत, एवढेच कारण. कोणाला मागे ठेवायचे हा प्रश्न निघाला, आणि ज्यांना मागे ठेवायचे ठरले त्यांनीच ‘तुम्ही जाऊन या, आमचे काय’ असे म्हटले. त्या ‘आमचे काय’वर तिन्ही बेत मोडले.

पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे, कारण गाडी होती. तुकोजीराव दुसरे यांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खंडवा ते इंदूर हा लोहमार्ग आपल्या राज्यात आणविला. महाराजांच्या मनात व्यापार होता, अफू होती, कापूस होता. आमच्या आजीच्या आवळीभोजनाचा विचार त्यांनी केला असेल असे वाटत नाही. पण शंभर वर्षे त्या मीटरगेजने माळव्याच्या पठारावरून नर्मदेकडे उतरताना जे दाखविले, ते दुसऱ्या कोणत्याही वाटेने दिसत नाही. महू सुटले की पाताळपाणी. तेथे चोरल नदी उभ्या कड्यावरून खाली झोकून देते. मग घाट, चार बोगदे, वळणावर वळण, आणि तळाशी कालाकुंड. पुढे चोरल, बडवाह, मोरटक्का आणि नर्मदेचा पूल. डब्यात परात, पातेली, सतरंज्या, फिरकीचा तांब्या, गोवऱ्यांचे पोते आणि चौदा-पंधरा माणसे एकदम चढत. कोणी मागे राहावे लागत नसे.

१९६७ सालच्या एका गोटीचा सर्व तपशील आम्हाला अजून आठवतो. तेव्हा आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतो. आदल्या रात्री जाडसर दळलेले गव्हाचे पीठ आले, त्यात थोडे मक्याचे, ओवा, हळद, मीठ आणि तुपाचे मोहन; हे सारे मोजण्याचा मान काकांचा. गोटीत बाफले पुरुषांनीच करायचे हा माळव्याचा दंडक आहे, आणि जे काका घरी पाण्याचा तांब्यादेखील आपल्या हाताने भरून घेत नसत ते तेथे धोतर खोचून परातीपुढे बसत. गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे, तरंगले की काढायचे, निथळले की गोवऱ्यांच्या आरावर ठेवायचे आणि तडा जाईपर्यंत फिरवायचे. मग फडक्यात धरून राख झटकायची, मोडायचे आणि तुपात बुडवायचे. बाटी आणि बाफला यांत फरक काय असे विचारणाऱ्याने एकदा न उकडलेली बाटी खाऊन पाहावी. दातच उत्तर देतील. डाळीवरून मात्र दरवर्षी वाद होई. आमच्या घरची माणसे तुरीच्या डाळीत गूळ टाकू पाहत आणि शेजारचे माळवी कुटुंब हात धरी. शेवटी दोन पातेली होत. आमचे पातेले उरे, त्यांचे उरत नसे, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

बायकांना त्या दिवशी काहीच काम नसे. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण त्या काळच्या घरात अशा दिवसाचा अर्थ काय होता हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी आमची आई खडकावर बसून पाण्यात पाय सोडी आणि शेजारच्या भाभींशी मोठ्याने हसे. आमची आजी, जिला घरात सगळे माई म्हणत, घरी सोवळ्याशिवाय चुलीपाशी कोणाला येऊ देत नसे. तीच माई कालाकुंडला शेजारच्यांच्या हातचा बाफला खाई. कोणी चेष्टेने विचारलेच तर म्हणे, ‘अरे, अग्नीत भाजलेल्याला कसला आला विटाळ?’ हे शास्त्र तिला घरी कधी आठवले नाही. आठवले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

त्याच वर्षी पौषात आम्ही एक रात्र तेथे राहिलोही. किराया भंडारातून एक कनात आणि दोन सतरंज्या आणल्या होत्या. तिला तंबू म्हणणे धाडसाचे होते. कालाकुंड स्थानकावर कलाकंद पळसाच्या पानात मिळे, तो घेतला. हरभऱ्याच्या डहाळ्या भाजून होळा केला. हात आणि तोंडे काळी झाली. थंडी इतकी की दोन्ही घरांची मुले एकाच गोधडीखाली शिरली. रात्री घाट चढणाऱ्या गाडीला मागून दुसरे इंजिन लावीत. एक पुढून ओढी, दुसरे मागून ढकली, आणि दोघांचा धापा टाकण्याचा ताल कधी जुळे, कधी चुके. वडिलांनी तेव्हा समजावून सांगितले की, जानापावच्या डोंगरातून निघणारी चंबळ उत्तरेला गंगेच्या खोऱ्यात जाते आणि ही चोरल दक्षिणेला नर्मदेत जाते. म्हणजे आपल्या घरावरचा पाऊस एका समुद्राला मिळतो आणि येथला दुसऱ्या. पुढे शाळेत भूगोलाचा तो धडा आला तेव्हा आम्हाला तो वाचावा लागला नाही.

पण सगळेच गोड होते असे सांगणे खोटेपणाचे होईल. १९६७च्या त्या श्रावणातल्या गोटीत आम्ही मुले पाताळपाण्याच्या वरच्या बाजूला, नदीच्या मधल्या खडकावर खेळत होतो. आमच्या डोक्यावर ऊन होते. काठावरून एक म्हातारा भिल्ल बकऱ्या घेऊन चालला होता. तो थांबला, पाण्याकडे पाहिले आणि काठी आपटून ओरडला. त्याची बोली आम्हाला अर्धीच कळली. काकांना पुरी कळली. पाण्याचा रंग बदलला होता आणि त्यावरून सुकी पाने, काटक्या येऊ लागल्या होत्या. म्हणजे वर कोठेतरी पाऊस पडला होता. काकांनी दोघांना काखेत मारले, बाकीच्यांना हाताला धरून ओढले. आम्ही काठावर आलो आणि थोड्याच वेळात तो खडक दिसेनासा झाला. काकांनी त्या म्हाताऱ्याला ‘बाबा, जेवायला बसा’ म्हणून पहिल्या पंक्तीला बसविले. पाताळपाण्यापाशीच टंट्या मामांचे ठाणे आहे. इंग्रजांनी १८८९ साली जबलपूरला फाशी दिलेल्या त्या भिल्ल वीराला सलामी म्हणून गाड्या तेथे क्षणभर थांबत. डब्यातून हात जोडणाऱ्या आमच्या घरच्यांपैकी कितीजणांनी त्याआधी कोणा भिल्लाला पंक्तीला बसविले होते, हा प्रश्न आम्हाला पुष्कळ वर्षांनी पडला.

जुलै २०११मध्ये त्याच ठिकाणी, तसेच खडकावर उभे असलेले एक कुटुंब पुरात वाहून गेले. काठावरच्या माणसांनी टिपलेले ते चित्र देशभर दाखविले गेले. त्या दिवशी काठीने आपटून ओरडणारा कोणी नव्हता, की होता आणि त्याचे कोणी ऐकले नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. त्यानंतर अशा जागी फलक लागतात, बंदोबस्त होतो. पण फलक पाण्याचा रंग पाहू शकत नाही. पावसाळ्याचे चार महिने आसपासच्या गावांतील माणसांना रोजगार देऊन वर-खाली पहाऱ्यावर बसवावे, त्यांच्या हाती शिट्टी द्यावी आणि त्यांच्या शिट्टीला पोलिसाच्या शिट्टीचा मान असावा, अशी आमची सूचना आहे. खर्च फार नाही.

आता गाडीविषयी. २०१८ साली या घाटातून वारसा गाडी सुरू झाली तेव्हा आम्हाला आनंद झाला. २०२३च्या आरंभी महू ते ओंकारेश्वर रोड ही साधी पॅसेंजर रुंदीकरणासाठी बंद झाली. रुंद मार्ग कमी चढाच्या, वेगळ्या वाटेने नेण्याचे ठरले. त्याला आमचा विरोध नाही. खंडव्याकडे जलद जाण्याची गरज कोण नाकारील? जुना घाट मोडीत न काढता वारसा म्हणून राखण्याची कल्पनाही चांगलीच आहे. परंतु वारसा हा केवळ बोगद्यांचा आणि पुलांचा असतो काय? सहलीची गाडी ठरल्या वेळी नेते, ठरल्या वेळी आणते, मधल्या वेळात छायाचित्रे काढता येतात. तिच्यात गोवऱ्यांचे पोते चढवून पाहावे. ज्या मार्गावरून लोक घर उचलून रानात नेत, त्या मार्गावर आता प्रवासी रान पाहून येतो. निदान श्रावण-भाद्रपदातील रविवारी या गाडीला एक साधा, बिनआरक्षणाचा, सामान नेऊ देणारा डबा जोडावा, आणि सकाळी सोडून संध्याकाळी घेऊन येईल अशी वेळ ठेवावी. हनुवंतियाला २०१६पासून जलमहोत्सवात तंबूंचे नगर उभारले गेले. ज्यांना परवडते त्यांनी तेथे अवश्य राहावे. पण त्या तंबूत बाफले दुसरा कोणीतरी करतो आणि आपण बिल देतो. काका त्यात कोठे बसणार?

एक गोष्ट मात्र रेल्वेवर ढकलता येणार नाही. २०१७पासून ओळीने सात वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ म्हणून गौरविलेले आपले हे शहर, रविवारी नदीकाठी गेले की हात झटकते. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण मागे राहिले तरी बकऱ्या खात, उरलेले माती खाई. थर्माकोलची थाळी कोण खाणार? जी माणसे घरी ओला आणि सुका कचरा वेगळा करतात तीच येथे दोन्ही एकत्र करून पाण्यात सोडतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मोडलेल्या तीन गोटींपैकी एक पुन्हा जुळत आहे. त्या घराने टेम्पो ठरविला आहे, त्यात नऊजण आणि शेजारचे सहा असे मावतील असा हिशेब आहे. आजीबाईंसाठी पुढची जागा राखली आहे. परात आमच्याकडून नेणार आहेत, आणि डाळीत गूळ घालू नये असे आम्ही त्यांना आधीच बजावले आहे.