येत नाही, असं सांगून सुरुवात

दुपारचे बारा वाजत आले की गाणगापूरच्या गल्ल्यांतून झोळ्या दिसू लागतात. भीमा-अमरजेच्या संगमाजवळचं, आमच्या अफजलपूर तालुक्यातलं हे दत्तक्षेत्र. दत्तमहाराज रोज मध्यान्ही इथे भिक्षेला येतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून लांबून आलेला भक्तही निदान पाच घरची मधुकरी मागतो. दुकानदार, शेतकरी, निवृत्त साहेब, सगळे एकाच ओळीत उभे असतात. भाकरीचा तुकडा, चमचाभर भात, त्यावर आमटी, जे पडेल ते गोड मानून घ्यायचं.

पहिल्यांदाच मागायला आलेला माणूस लगेच ओळखू येतो. पहिल्या दारात त्याचा हात अर्धाच पुढे होतो, नजर उंबऱ्यावर खिळते, शब्द घशातच राहतात. वाढणारी बाई म्हणते, “पुढं करा की हो झोळी!” चौथ्या-पाचव्या दारापर्यंत तोच माणूस मान वर करून मागू लागतो. मधल्या चार पावलांत त्याच्या मनातली लाज काही संपलेली नसते. ती असतानाच त्याने हात पुढे करायला सुरुवात केलेली असते, एवढंच.

नवं काही शिकायचं म्हटलं की मन का मागे ओढतं, याचा विचार करताना मला ही गल्ली आठवते. आपण त्या ओढीला आळस म्हणतो, वेळ नाही म्हणतो, वय झालं म्हणतो. खरं कारण बहुतेक वेळा मानाचं असतं. चार लोकांत आपल्याला जाणता म्हणून ओळखतात. उद्या कुणासमोर अजाण म्हणून बसायचं, हे मनाला सोसत नाही. म्हणून तर मुलांना चटकन जमतं ते मोठ्यांना जमत नाही. मुलांना गमवायला मान नसतो.

याच मातीत या अडचणीवर मात केलेला एक मोठा माणूस होऊन गेला. ‘गुरुचरित्र’ लिहिणारे सरस्वती गंगाधर. गाणगापूरच्या नृसिंह सरस्वतींचे शिष्य सायंदेव हे त्यांचे पूर्वज, मूळचे आळंद तालुक्यातल्या कडगंचीचे. घरची बोली कानडी. तरी सुमारे पाचशे वर्षांपूर्वी सरस्वती गंगाधरांनी नृसिंह सरस्वतींचं चरित्र मराठीत, ओवीबद्ध लिहायला घेतलं. आज महाराष्ट्रात घरोघर सात दिवसांच्या सप्ताहात ज्याचं पारायण होतं, तो हा ग्रंथ.

मला त्यांच्या पहिल्या अध्यायाचं फार मोल वाटतं. महाराष्ट्राची भाषा आपल्याला येत नाही, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं आहे. कुणी चूक काढण्याआधीच स्वतःचं उणेपण त्यांनी वाचकासमोर ठेवलं आणि पुढे हजारो ओव्या लिहिल्या. भाषा पक्की झाल्यावर लिहू, असं म्हणत ते थांबले असते, तर कदाचित हा ग्रंथच झाला नसता.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ४१व्या अध्यायात सायंदेव गुरूंची स्तुती करतात, तेव्हा त्या मराठी ग्रंथात चक्क कानडी पदं येतात. नवी भाषा घेताना कवीने घरची भाषा टाकली नाही. बदलाला आपण भितो त्यामागे ही एक धास्ती असते: नवं शिकलो तर आधीचा मी उरेन का? आमच्या सीमाभागातल्या माणसाला याचं उत्तर अंगवळणी पडलेलं आहे. घरात मराठी, बाजारात कानडी, पलीकडच्या गल्लीत दखनी. एक आली म्हणून दुसरी जात नाही, माणूस तेवढा रुंद होतो.

ही लाज ओलांडल्याचं अलीकडचंही एक उदाहरण आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर-पाटी घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या. जन्मभर अंगठा उठवलेल्या हाताने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढणं सोपं नसतं. इथे एक गोष्ट त्यांच्या मदतीला आली असणार. त्या एकट्या नव्हत्या, शेजारीणही तशीच पाटीवर वाकलेली होती. एकट्याला ओझं वाटणारी लाज बरोबरीची माणसं असली की हलकी होते. म्हणून शिकायचं असेल तर आपल्यासारखाच न येणारा एखादा सोबती आधी शोधावा.

पोहणं असो, संगणक असो, राहून गेलेली दहावीची परीक्षा असो, की वर्षानुवर्षं मनात धरून ठेवलेला राग सोडून भावाशी बोलणं असो. मनाचा विरोध मावळण्याची वाट पाहू नका. तो मावळत नाही. वाट पाहाल तितका तो शहाणपणाचा आव आणतो. त्याला सोबत घेऊनच निघावं लागतं. या आठवड्यात एकच करा. जे येत नाही, ते ज्याला येतं अशा माणसाकडे जा, तो वयाने लहान असला तरी जा, आणि सरळ सांगा, “मला हे येत नाही, शिकवाल का?” हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की निम्मं शिकणं झालं, असं मी मनापासून मानतो.