टायरचे माप आणि मणक्याचा हिशेब

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस अलिबागजवळच्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली आणि अखेर बैलगाडीला दोर बांधून ती बाहेर काढावी लागली. ती चित्रफीत मोबाइलवरून घरोघरी पोहोचली, लोक हसले आणि विसरले. हर्णे बंदरावरच्या माणसाला मात्र त्यात नवल वाटले नसेल. होड्यांतली मासळी किनाऱ्यावर आणण्यासाठी तिथे बैलगाडी थेट पाण्यात जाते. आणि लिलाव पाहायला आलेल्या पर्यटकाची मोटार वाळूत चाके जागच्या जागी फिरवत स्वतःसाठीच खड्डा खणते आहे, हे दृश्यही आता तिथे नवीन राहिलेले नाही.

फेरारी कॅलिफोर्निया या गाडीला कारखान्यातून मिळणारे मागचे टायर २८५ मिलिमीटर रुंद असतात. साध्या मोटारीच्या टायरपेक्षा ते कितीतरी रुंद. तरीही गाडी रुतते, कारण वाळूत नुसती रुंदी कामाची नसते. गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे, चाकाचा व्यास केवढा, वजन किती आणि हवा किती कमी करता येते, यावर सारे ठरते. बैलगाडीचे चाक रुंद नसते, पण व्यासाने मोठे असते, गाडी हलकी असते आणि ओढणाऱ्याचे पाय चाकासारखे गरगरत नाहीत.

दोन दारांची, बुटकी, मागे उतरत्या छपराची स्पोर्ट्स कूपे विकत घेणारे महाराष्ट्रात थोडेच. पण तिच्या चाकांचा मोह साध्या हॅचबॅक आणि सेदानपर्यंत कधीच उतरला आहे. १६ इंची चाके काढून १८ इंची अलॉय बसवायची, टायर रुंद आणि पातळ करायचे, याला बाजारात ‘अपसाइझ’ म्हणतात. गाडी देखणी दिसते हे खरे. कोरड्या, सपाट रस्त्यावर वळण घेताना ती अधिक नेमकी वागते हेही खरे. प्रश्न एवढाच, की पुण्याहून किंवा मुंबईहून निघून, महामार्ग सोडून, दापोलीहून आसूदच्या वळणांनी हर्णेला उतरणाऱ्या गाडीला त्या नेमकेपणाची किती गरज असते आणि त्याची किंमत कोण भरते.

टायरच्या बाजूवर २०५/५५ आर १६ असे काही छापलेले असते. २०५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे त्या रुंदीच्या ५५ टक्के इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची, उंची. १६ हा रिमचा व्यास, इंचात. या टायरची भिंत सुमारे ११३ मिलिमीटर आणि एकूण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो. आता २२५/४० आर १८ पाहा. एकूण व्यास ६३७ मिलिमीटर, म्हणजे फरक एक टक्काही नाही. चाकाच्या पोकळीत ते बसते, स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, दुकानदार म्हणतो ‘एकदम परफेक्ट’. फक्त ११३ ची भिंत ९० वर आलेली असते. बदल कुठे झाला? माणूस आणि रस्ता यांच्यामधल्या हवेच्या उशीत.

ही उशी वैद्यकीय दृष्टीने फार मोलाची आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा कंपनांच्या आसपास सर्वाधिक थरथरतो. ते पेलण्याचे मुख्य काम गाडीच्या स्प्रिंग, शॉकअॅब्सॉर्बर आणि सीटचे. पण खड्ड्याच्या काठावर चाक आपटते तेव्हाचा तीक्ष्ण धक्का प्रथम टायरच्या भिंतीने गिळायचा असतो. भिंत पातळ झाली, वर अलॉय जड असले, की तो धक्का रिमकडून सस्पेन्शनकडे आणि तिथून आसनाकडे जातो. पाठीचे स्नायू अचानक आलेल्या धक्क्याला क्षणभर उशिरा प्रतिसाद देतात. त्या क्षणापुरता सगळा भार मणक्यांवर आणि त्यांच्यामधल्या चकत्यांवर पडतो. चालकाला खड्डा दिसत असतो, तो स्टिअरिंग धरून सावरतो. मागच्या सीटवर डुलकी घेणारी आजी सावरत नाही.

गतिरोधकावरून वेगाने गेलेल्या वाहनातल्या मागच्या प्रवाशांना छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्याचा अस्थिभंग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यातल्या बऱ्याच बसमधल्या आहेत, मोटारीत धोका त्यामानाने कमी. पण हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रीच्या मणक्याला फार मोठा धक्का लागतच नाही. ‘प्रवासात पाठ धरली’ म्हणून दोन आठवडे मलम चोळले जाते आणि मग क्ष-किरण चित्रात मणका पुढच्या बाजूने दबलेला दिसतो. गर्भवती, नुकतीच पाठीची शस्त्रक्रिया झालेले, जुनी सायटिका असलेले यांचाही हिशेब वेगळा. घरात असे कोणी असेल तर चाकाचे माप हा निव्वळ गाडीमालकाच्या हौसेचा विषय राहत नाही.

पाठीचे दुखणे निदान सावकाश येते. पाण्यावरची घसरण एका क्षणात होते. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किती मोठा असेल, हे बव्हंशी गाडीचे वजन आणि टायरमधली हवा ठरवते. रुंद टायर घेतला म्हणून तो भाग फारसा वाढत नाही, आकार बदलतो: लांबट होता तो आडवा होतो. कोरड्यात याचा फायदा. साचलेल्या पाण्यात मात्र त्या आडव्या पट्ट्याला अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि त्यासाठी वेळ कमी मिळतो. पाणी हटले नाही की टायर पाण्यावर तरंगू लागतो. मग स्टिअरिंग फिरते, गाडी वळत नाही.

अमेरिकेच्या नासा संस्थेतील संशोधकांनी १९६० च्या दशकात, विमानाच्या धावपट्टीवरच्या घसरणीचा अभ्यास करताना, या वेगाचे एक ढोबळ सूत्र मांडले. पाण्याचा थर टायरच्या खाचांपेक्षा जाड असेल तर ३२ पीएसआय हवेला ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास टायर तरंगतो. हवा २४ वर आलेली असेल तर ८२ च्या आसपासच. झिजलेल्या खाचा पाण्याच्या पातळ थरानेही भरून जातात, रुंद टायर आणखी आधी सुटू शकतो. मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खाच असली पाहिजे असा नियम आहे, पण हर्णेच्या जुलैसाठी ती मर्यादा फारच उदार म्हणावी लागेल.

कशेडीचा बोगदा झाल्यापासून मुंबईकडून येणाऱ्यांचा घाट टळू लागला, चौपदरी तुकड्यांवर वेग वाढला. म्हणजे एकाच प्रवासात तीच चाके शंभराच्या वेगाने महामार्गावर धावतात, मग खड्ड्यांत आपटतात, नंतर समोरून ट्रक आला की डांबराच्या कडेवरून खाली उतरतात. पातळ टायरचे आयुष्य नेमके या कडेवर संपते. भिंत रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. तो दिसायला लिंबाएवढा असतो, आणि तसाच टायर पुढच्या सुटीत पुन्हा महामार्गावर नेला जातो.

माप बदलताना लोक व्यास पाहतात, भार पाहायचे विसरतात. मापापुढे ९१ असा आकडा असेल तर तो टायर ६१५ किलो पेलू शकतो. ८८ असेल तर ५६०. चार चाकांचा मिळून फरक २२० किलो, म्हणजे तीन धडधाकट माणसे. पातळ टायरमध्ये मूळ टायरइतका भारांक हवा असेल तर अधिक भक्कम बांधणीचा, ‘एक्सएल’ छाप असलेला टायर घ्यावा लागतो आणि त्यात हवाही सांगितल्याप्रमाणे जास्त ठेवावी लागते. मग उशी आणखी कडक झाली, हे ओघाने आलेच.

उलट चूकही होते. भिंत कमी करायची नाही म्हणून कोणी २२५/५० आर १७ बसवतो. आता एकूण व्यास जवळजवळ चार टक्क्यांनी वाढला. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीच्या ८३ च्या वेगाने धावत असेल. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तीन किलोमीटरचा हा फरक ब्रेकला सुमारे आठ टक्क्यांनी महाग पडतो.

बोल्टची भोके जुळणे, मधले भोक हबवर घट्ट बसणे, चाक किती आत-बाहेर बसते तो ‘ऑफसेट’ सांभाळणे, हे सारे टायरआधी पाहायचे. चाक मडगार्डच्या बाहेर यावे म्हणून स्पेसर घालणे हा यातला सर्वांत वाईट प्रकार. बेअरिंगवर ताण येतो, स्टिअरिंगचे वागणे बदलते आणि चिखल मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर उडतो तो वेगळाच.

कायद्याची बाजू अनेकांना ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर बंधन घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कडक अर्थाने वाचली: वाहन उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. अपघातानंतर विमा कंपनी चाके निरखून पाहू लागली तर आश्चर्य मानायचे कारण नाही. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत स्वतःच दिलेले माप निवडले तर वाद बराच टळतो, कारण त्या मापावर ब्रेक आणि एबीएसची चाचणी तिने स्वतः केलेली असते.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यात टायरच्या मापाचा वाटा वेगळा काढता येणार नाही, आणि अतिवेगापुढे तो लहानच असणार. पण हर्णेहून सर्वांत जवळचे मोठे सरकारी रुग्णालय दापोलीत, वळणावळणाच्या रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटरवर. डोक्याला गंभीर इजा असेल तर तिथून पुढे आणखी कित्येक तासांचा प्रवास. शहराच्या मधोमध जी चूक निभावून जाते ती इथे निभेलच असे नाही.

तेव्हा वर्षातून तीन-चारदा कोकणात येणाऱ्या गाडीला मूळ माप ठेवणे उत्तम. हौस भागवायचीच तर रिम एका इंचाने वाढवावी, एकूण व्यासातला फरक एक-दोन टक्क्यांत ठेवावा, भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. २०५/५५ आर १६ ऐवजी २२५/४५ आर १७ ही तडजोड त्यात बसते: व्यास ६३४ मिलिमीटर, भिंत १०१, भारांक ९१ मिळू शकतो. त्यापुढची दोन-तीन इंचांची उडी रेसट्रॅकसाठी ठीक.

गाडी वाळूत न नेणे हा वेगळा सल्ला, तो चाकाच्या कुठल्याही मापाला लागू. रुतलेली गाडी काढायला टायरमधली हवा कमी केली जाते. पातळ भिंतीच्या टायरला तेवढी सवलत नसते, रिम लगेच टेकते. आणि उंच भिंतीच्या टायरची हवा काढून गाडी सुटली, तरी तशाच मऊ टायरवर दापोलीपर्यंत चढण चढली तर भिंत तापते आणि टायर तिथेच दगा देतो. खारे पाणी लागलेली अलॉय चाके त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी. रंग उडालेल्या जागी गंज धरला की रिमच्या कडेने हवा हळूहळू झिरपते, आणि पंक्चरवाल्याला भोक काही सापडत नाही.

निघण्याआधी डिकीही उघडून पाहावी. चार चाके बदललेल्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी जुन्याच मापाची असते, आणि तिच्यात हवा भरून किती महिने झाले हे मालकालाही आठवत नाही.