अन्नदाता की सावकार?

साम्राज्ये तोफांनी उभी राहतात, असे शाळेतली पुस्तके सांगतात. हे अर्धेच सत्य होय. अमेरिकेने १९५४ साली पब्लिक लॉ ४८० हा कायदा करून आपले शिलकी धान्य परदेशी धाडले. पुढे त्याला ‘शांततेसाठी अन्न’ असे गोंडस नाव दिले. १९६५-६६ मध्ये भारतात दुष्काळ पडला, तेव्हा शेतीचे धोरण बदलावे आणि व्हिएतनामवरची टीका थांबावी म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी तोच गहू हात आखडून सोडला. त्या गव्हाने असंख्य प्राण वाचले, हे मी नाकारीत नाही. ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणणे हा आपला धर्मच. पण जेवणाऱ्याच्या तोंडाला कुलूप घालू पाहणारा तो अन्नदाता नव्हे, तो सावकार!